तीन मार्कांचं भांडण

बाई, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही.

शोकसभा म्हणजे काय, केंद्राची महिन्याची शिक्षण परिषद होतीच, तिच्यातच उरकून घेतली. दोन मिनिटं उभं राहून झालं, भाषणं झाली, मग चहा, आणि चहानंतर पाचवीचे निकाल कसे भरायचे त्याच्या सूचना. नव्या केंद्रप्रमुखांनी तुम्हाला उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी ते भरपूर बोलले. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, सदैव हसतमुख. हसतमुख म्हटल्यावर मला भर सभेत हसू आलं आणि ते लपवायला पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं, रडतेय. तुम्ही आणि हसतमुख! तुमची स्कूटी शाळेच्या फाटकात वळली की भल्याभल्या गुरुजींना अर्धवट राहिलेलं दप्तर आठवायचं.

ते भाषण मी आधी वाचलेलं होतं, बाई. बाजारात वर्णनात्मक नोंदींचं तयार पुस्तक मिळतं ना, त्यातलंच होतं. प्रत्येक मुलाला स्वतः बघून त्याच्याबद्दल चार ओळी आपल्या शब्दांत लिहा, असं सरकार सांगतं. आणि आपले लोक त्या पुस्तकातून उतरवतात, पहिली ओळ पहिल्या मुलाला, दुसरी दुसऱ्याला. ही खोड मोडावी म्हणून तुम्ही बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पालथे घातलेत. शेवटी तुमच्या वाट्यालाही तसलीच नोंद आली. तुम्ही तिथं असता तर मागच्या बाकावरून विचारलं असतंत की गुरुजी, ह्या बाईला तुम्ही कधी बघितलं तरी होतं का.

मला म्हणाले, मंगलताई, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळच्या, दोन शब्द बोला. मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. माझ्याकडं बोलायला एकच गोष्ट होती, आणि ती सभेत बोलण्यातली नव्हती.

तुम्ही जायच्या आधीच्या गुरुवारी बारामतीच्या दवाखान्यात मी तुमच्या उशाशी बसले होते. तुमची सून औषधं आणायला खाली गेली होती. तुम्ही पार वाळून गेला होतात, हातातली बांगडी कोपरापर्यंत जात होती. मी आपलं इकडचं तिकडचं बोलत होते, उन्हाचं, बदल्यांचं. तुम्ही मधेच म्हणालात, "मंगल, खरं सांग. कोमलच्या बाबतीत माझं चुकलं का?"

दोन वर्षं आपण दोघींनी हे नाव टाळलं होतं. एकमेकींच्या घरी गेलो, हळदीकुंकू झालं, तुमचं आजारपण सुरू झालं, पण कोमल कधी मधे आणली नाही. मी म्हटलं, "हो बाई. चुकलं."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता रडाल. तर म्हणालात, "कुठं चुकलं ते सांग. नुसती फुली मारून जाऊ नगंस."

तेवढ्यात भेटीची वेळ संपली म्हणून नर्सनं मला उठवलं. रविवारी येऊन सांगते म्हणाले आणि निघाले. शनिवारी तुमच्या मुलाचा फोन आला. तेव्हापासून हे उत्तर माझ्याकडंच राहिलंय. म्हणून लिहितेय. तुमच्या शिस्तीप्रमाणं, बरोबर काय होतं तेही लिहीन.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी इंदापूर तालुक्यात होते, धरणाच्या पाण्याकाठच्या शाळेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या खिडकीतून पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर दिसायचं. तुम्ही स्वतः शिक्षिकाच, पण आम्हाला मूल्यमापनाचं प्रशिक्षण द्यायला आला होतात. प्रशिक्षण म्हणजे सही करायची, चहा प्यायचा आणि मोबाइल बघायचा, अशी आमची समजूत. तुम्ही आल्या आल्या आमच्याच शाळेच्या नोंदी मागवल्यात आणि त्यातली एक मोठ्यानं वाचलीत. तिसरीतल्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं, पाण्याची भीती वाटते, पाण्यापासून दूर राहते. पोरगी कुणाची, तुम्ही विचारलंत. ती मासेमाराची होती. रोज पहाटे बापाबरोबर होडीत बसून जाळी ओढून मग शाळेत यायची. सगळे खो खो हसले. ज्यांनी लिहिलं ते गुरुजीही हसले, म्हणाले, पुस्तकात त्या पानावर तेच होतं. तुम्ही मात्र हसला नाहीत. हसणं थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिलात, आणि मग विचारलंत की उद्या ह्या पोरीनं ही नोंद वाचली तर तिला काय वाटेल. मला पहिल्यांदा त्या दिवशी वाटलं की आपण जे कागदावर लिहितो ते कुणाचं तरी असतं.

आणि ती पायाभूत चाचणीची तुमची थट्टा. वर्षाच्या सुरुवातीला मुलांची चाचणी घ्यायची, मग दिवाळीच्या सुमाराला दुसरी, आणि मधली प्रगती वर कळवायची. आता प्रगती दाखवायची तर सुरुवात खाली हवी. म्हणून पहिल्या चाचणीत येणाऱ्या मुलांनाही कमी मार्क टाकायचे, ही आपल्या लोकांची अक्कल. "आपली पोरं आखाडात ठार अडाणी असत्यात आन् दिवाळीला पंडित हुत्यात," तुम्ही म्हणायचात, "मधी काय पाऊस पडतो का ज्ञानाचा?" सगळे हसायचे, आणि तुम्ही लगेच आवाज खाली आणून सांगायचात की तुमच्या ह्या आकड्यांच्या खेळात खरोखर मागं असलेलं पोरगं कुठं गेलं, ते शोधा. सगळेच मागं दाखवले की ते त्या गर्दीत हरवतं.

पुढं माझी बदली तुमच्या शाळेत झाली. कारखान्याच्या गावातली शाळा, पलीकडं ऊसतोड मजुरांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या. मी आले तेव्हा तुम्ही मला म्हणालात की हितं दोन शाळा आहेत, एक जूनमध्ये भरते आणि दुसरी दिवाळीनंतर. ती दुसरी शाळा म्हणजे कोप्यांवरची मुलं. मराठवाड्यातून आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर बसून यायची, आणि कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, की निघून जायची. बाकीचे शिक्षक त्यांना पाहुणी म्हणायचे. तुम्ही कोप्यांवर जाऊन त्यांना नावानं हाका मारत आणायचात. कोमल त्यातलीच. दुसरीत असताना तुम्ही तिचं नाव आपल्या पटावर घेतलंत आणि त्यासाठी तिच्या गावच्या शाळेशी वर्षभर फोनवर भांडलात.

कोमल चौथीत असतानाचा तो पेपर. निबंधाचा प्रश्न होता, माझी दिवाळीची सुट्टी. कोमलनं एकच ओळ लिहिली होती. "दिवाळीला आमी निघतो." बस्स. तिच्या घरी दिवाळी म्हणजे भांडी पोत्यात भरायचा दिवस, सुट्टी कसली. तुम्ही त्या पेपरच्या झेरॉक्स काढल्यात, नाव झाकलंत आणि शिक्षण परिषदेत प्रत्येकाला एकेक देऊन तपासायला सांगितलंत. सगळ्यांचे मार्क काही जुळेनात. बऱ्याच जणांनी भोपळा दिला. एका गुरुजींनी अक्षर चांगलं म्हणून एक दिला. एका मॅडमना मुलगी कोण ते कळलं होतं, त्यांनी पैकीच्या पैकी दिले. एक जुने गुरुजी म्हणाले, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तुम्ही त्यांना विचारलंत, आड खणायचं काम कुणाचं होतं.

पण त्या दिवशी तुम्ही सगळ्यात जास्त झापलंत ते त्या मॅडमना. मला तेव्हा ते समजलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "दया करायची आसंल तर शिकवताना करा. मार्कात करू नका. मार्कातली दया पोराला आंधळं करती आन् आपल्याला बी."

मग सगळ्यांना विचारलंत की चूक कुणाची, पोरीची की प्रश्नाची. अर्ध्या वर्गाला ज्या गोष्टीचा अनुभवच नाही ती विचारायची, आणि नाही आली की ढ ठरवायचं. प्रश्न सगळ्यांना सारखा दिला म्हणजे न्याय झाला असं नसतं, हे वाक्य मी तुमच्या तोंडून तेव्हा ऐकलं. पेपर काढण्याआधी मूल कुठून आलंय ते बघा, असं तुम्ही फळ्यावर लिहिलंत. मी त्या दिवसापासून तसे पेपर काढायला लागले. मुलांना मी आधी ओळखत नव्हते, तुमच्यामुळं ओळखायला लागले. हे ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही.

आता ते भांडण.

पाचवीत आणि आठवीत पुन्हा नापास करायचा नियम आला. वर्षअखेर परीक्षा, त्यात राहिलं तर जूनमध्ये पुनर्परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. कोमल तेव्हा पाचवीत, तुमच्या वर्गात. मराठीत तिनं चांगलं लिहिलं होतं. गणितात, सवलतीचे मार्क धरूनही, तीन कमी पडले. तोंडीचे तुम्ही पूर्ण दिले होतेत, कारण उसाच्या मोळ्या वाटून दाखवायच्या असल्या की ती पटापट सांगायची. पण कागदावर भागाकार आला की तिचा हात थांबायचा. तुम्ही शाळा सुटल्यावर कोपीवर जाऊन शिकवत होता, ती शिकतही होती, पण परीक्षा त्याआधी आली.

तुम्ही तो पेपर मार्क झाकून माझ्याकडं दिलात. म्हणालात, तू तपास, तुझे किती होतात बघू. मी तपासला. आपल्या दोघींचे मार्क तंतोतंत जुळले. तुम्ही इतकी वर्षं लोकांना जे शिकवत होतात, की दोन शिक्षकांनी तपासला तरी मुलाला तेच मार्क पडले पाहिजेत, ते त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मला त्याचा आनंद झाला नाही. मी म्हटलं, बाई, तीन मार्क टाका आणि विषय संपवा. सगळा तालुका टाकतोय. तुम्ही म्हणालात, सगळा तालुका टाकतो म्हणूनच सहावीला आलेल्या पोरांना वाचता येत नाही. मुख्याध्यापकांनीही सांगून पाहिलं. त्यांना शाळेचा निकाल शंभर टक्के हवा होता, मला कोमल हवी होती. तुम्हाला दोघांचंही पटलं नाही.

मग मी हट्टाला पेटले. तुम्ही म्हणालात, "मी मार्क टाकले तर हिला भागाकार येत न्हाय हे पुढच्या बाईला कळायचं कसं?"

"आधी ती पुढच्या बाईपर्यंत पोचू तर द्या," मी म्हटलं.

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. जूनमध्ये पुनर्परीक्षा आहे, तोवर पक्की करून घेते, खरी पास करून पुढं पाठवते, असं म्हणालात. त्या दिवशी मला स्कूटीवर मागं बसवलं नाहीत. मी एसटीनं घरी गेले, आणि वाटभर तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते.

चार दिवसांत पट्टा पडला आणि कोप्या उठल्या. निकाल लागला तेव्हा कोमल तिच्या गावी होती. तुम्ही फोन केलात. तिचे वडील, दत्ताभाऊ, परीक्षेला पाठवतो म्हणाले. तुम्ही तिची राहायची सोय स्वतःच्या घरी केलीत, गादी काढून ठेवलीत. जूनमध्ये मी शाळेत तुमच्याबरोबर बसले होते, पेपर काढलेला होता, बाकावर पाण्याची बाटली भरून ठेवली होती. कोमल आली नाही. तिकडं पेरणी चालली होती. फोन लागला नाही, लागला तेव्हा कुणी उचलला नाही. तुम्ही गैरहजर असं लिहिलंत आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेलात.

दिवाळीनंतर मजुरांची टोळी आली. तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी मला घेऊन कोपीवर गेलात. कोमल उसाचे वाढे, वैरणीचे शेंडे, बांधत होती. उंच झाली होती. तुम्हाला बघून उठली आणि कोपीच्या मागं गेली, पुढं आलीच नाही. तुम्ही दत्ताभाऊंना समजावत होतात, की पुन्हा पाचवीत बसवू, मी रोज येईन शिकवायला, पुन्हा परीक्षा घेऊ. दत्ताभाऊ शांतपणे ऐकत होते. माणूस वाईट नव्हता, बाई. त्यानं तुम्हाला बसायला पोतं अंथरलं होतं.

"एकदा घेतली की परीक्षा," तो म्हणाला. "न्हाई आलं तिला. तुमीच सांगितलं."

तुम्ही पोत्यावरून उठलात. आपण परत आलो. तुम्ही त्यानंतरही प्रशिक्षणं घेतलीत, बोलवतील तिथं गेलात, पण कोमलच्या पेपरची झेरॉक्स पुन्हा कधी काढली नाहीत. मी वाट बघत होते की तुम्ही कधीतरी एकदा म्हणाल, मंगल, तू बरोबर होतीस. तुमच्याकडून हे ऐकायची मला फार इच्छा होती, आणि ती इच्छा चांगली नव्हती. एका पोरीचं वाटोळं झालेलं असताना मला बरोबर ठरायचं होतं.

आता एक गोष्ट, जी मी दवाखान्यात सांगितली नाही. तुम्ही चुकलं का विचारायच्या आधी, कोमल कशी आहे, असं विचारलं होतंत. मी म्हटलं, बरी आहे. ते खोटं होतं. ह्या हंगामात कोमल आलीच नव्हती. मी तिच्या आईला, राहीबाईला, दिवाळीनंतरच विचारलं होतं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता बोलली. "दिली की तिला. शाळेत हुती तवर दिसभर कुनाच्या तरी नजरंखाली हुती. आमी दोघं उसात. वयात आलेली पोर कोपीवर एकली कुनाच्या भरवशावर ठिवायची?"

दिली म्हणजे लग्न करून दिलं. पोर अजून चौदाचीही नव्हती. मी कुठं तक्रार करायची ते विचारत फिरले, तिच्या तालुक्यातल्या कचेरीत फोन केले, एकानं दुसऱ्याकडं पाठवलं, दुसऱ्यानं पहिल्याकडं. शेवटी माणूस पोचला, तर म्हणाला, लग्न आधीच होऊन गेलंय. तुम्ही तेव्हा दवाखान्याच्या चकरा मारत होता. मी तुम्हाला हे सांगणार कशी होते?

तर बाई, उत्तर.

मार्क बरोबर होते. तपासणी बरोबर होती, मी साक्षीदार आहे. मार्कातली दया वाईट हेही बरोबर. तिला खरं शिकवून पुढं पाठवायचं ही इच्छा बरोबर, आणि ती आपल्या तालुक्यात फार कमी लोकांना होती. चुकलं ते जूनमध्ये. जून हा बागायतदाराच्या पोराचा महिना आहे. तो एप्रिलमध्येही इथं असतो, जूनमध्येही असतो, त्याला पुनर्परीक्षा म्हणजे एक जादा संधी. कोमलला जून नव्हताच. सगळ्यांना सारखी तारीख दिली म्हणजे न्याय झाला असं नसतं, हे तुमचंच शिकवणं, फक्त प्रश्नाच्या जागी तारीख घातली की झालं. दिवाळीच्या निबंधात तुम्हाला जे लगेच दिसलं, ते वेळापत्रकात दिसलं नाही. मूल कुठून आलंय ते तुम्ही बघितलंत. ते चार दिवसांत कुठं जाणार आहे, ते बघितलं नाहीत. तुम्ही तिला मोजलंत ते अगदी चोख, पण ती निघून चाललेली असताना.

हे लिहिताना मला राग येतोय, तुमचा. आणि लगेच वाटतं, मी रागवायची कोण. कोप्यांवर जाऊन पोरांना नावानं हाका मारणाऱ्या तुम्ही एकट्याच होता. ज्यांनी त्या पोरांना कधी शाळेत आणलंच नाही, त्यांच्या हातून असली चूक व्हायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा निकाल शंभर टक्के आहे.

आणखी एक सांगायचं आहे.

कोमलची धाकटी बहीण शीतल ह्या वर्षी पाचवीत होती, माझ्या वर्गात. राहीबाईनं नवऱ्याशी भांडून तिला शाळेत आणून सोडली होती. मला म्हणाली होती, "हिचं जूनबिन नगं बाई. हितंच काय ते सांगा."

मी तुमच्यापेक्षा शहाणी निघायचं ठरवलं होतं. फेब्रुवारीतच कचेरीत गेले, म्हटलं, कोप्यांवरच्या मुलांची पुनर्परीक्षा पट्टा पडायच्या आत घेऊ द्या. साहेब म्हणाले, वेळापत्रक राज्याचं आहे, एका शाळेसाठी बदलत नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळीचं काय. मी पुन्हा गेले, पुन्हा तेच. मग मी शीतलला रोज शाळा सुटल्यावर बसवलं, खडे मांडले, मोळ्या मांडल्या, तुम्ही जे जे करायचात ते सगळं केलं. पोरगी कोमलपेक्षा चुणचुणीत, पण लहान भाऊ सांभाळायला आठवड्यातले दोन दिवस घरी राहायची. भागाकार आलाच नाही.

तुम्हाला पोचवून आलो त्यानंतरच्या सोमवारी मी पाचवीचा गठ्ठा सोडला. शीतलचा पेपर आला. तुम्ही शिकवलंत तसा तपासला, नाव झाकून, उत्तरसूची समोर ठेवून. सवलतीचे धरूनही कमी पडले. आता कुणाकडं मार्क झाकून द्यायचा पेपर? कुणाशी भांडायचं? मी पुन्हा तपासला. तेवढेच झाले.

मग मी टाकले, बाई. तिनं जिथं अर्धवट सोडलं होतं तिथं रीतीचे मार्क दिले, जी रीत तिनं लिहिलीच नव्हती. बेरीज जुळवली. नोंदीच्या रकान्याशी आले तेव्हा वाटलं, निदान इथं तरी खरं लिहावं, भागाकार कच्चा आहे, पुढच्या बाईंनी बघावं. पण तसं लिहिलं तर मार्क खोटे पडतात, आणि कुणी विचारलं तर पोरगी पुन्हा मागं येते. म्हणून तीही ओळ त्या तयार पुस्तकातून उतरवली. गणिती क्रिया अचूक करते. माझ्या हातानं, निळ्या शाईनं, व्यवस्थित अक्षरात.

काल कोप्या उठल्या. निकाल अजून लागायचा आहे, सांगू नये असा नियम, तरी मी गेले. भांडी पोत्यात भरून झाली होती, ट्रॉली भरत आली होती. राहीबाईला बाजूला घेऊन म्हटलं, पास आहे. तिनं डोळ्याला पदर लावला, पण रडत बसायला वेळ नव्हता, ट्रॅक्टरवाला ओरडत होता. म्हणाली, तिकडं सहावीत घालते, काय बी झालं तरी घालते. शीतल वर पोत्यांवर भावाला मांडीत घेऊन बसली होती. पास म्हटल्यावर हसली आणि ट्रॉली वळेपर्यंत हात हलवत राहिली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये ती तिकडच्या कुठल्यातरी शाळेत सहावीच्या वर्गात जाऊन बसेल. तिथल्या बाई फळ्यावर गणित घालतील आणि शीतल मान खाली घालून वहीत काहीतरी लिहील. त्या बाई तिचं निकालपत्रक काढून बघतील, त्यात सगळं ठीक असेल, आणि त्या पुढं शिकवायला लागतील. तिला भागाकार येत नाही, हे एकट्या मला ठाऊक आहे.